हळदीनं मेलेल्या उठवल्या, मोरचुदानं जित्या मारल्या: ‘लाइव्ह-डेड’ किटचा दीड वर्षाचा अनुभव

आधीच सांगते, पेशी जिवंत की मेलेल्या हे रंगांनी दाखवणारं हे किट चांगलं आहे. पाचपैकी चार तारे. पाचवा का राखून ठेवला त्याची गोष्ट मात्र लांब आहे, आणि त्यात किट बनवणाऱ्यांपेक्षा आमच्या सांगलीची हळद आणि द्राक्षं जास्त येतात.

मी इथल्या एका कॉलेजात बायोटेक्नॉलॉजी शिकवते. आमचं सेल कल्चर चालतं जुन्या स्टाफरूममध्ये. एक लॅमिनार (निर्जंतुक हवेचं कपाट), एक सीओटू इन्क्युबेटर, रंगांची चमक दाखवणारा एक इनव्हर्टेड फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप आणि खालच्या मजल्यावर दुसऱ्या विभागाचा प्लेट रीडर, म्हणजे ती चमक आकड्यांत मोजणारं यंत्र, जे मिळण्यासाठी आधी चहा पाजावा लागतो. पेशी हेपजी-टू, म्हणजे माणसाच्या यकृताच्या गाठीतून वाढवलेल्या. अर्जेंटिनातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या यकृतातल्या त्या पेशी १९७० च्या दशकापासून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढताहेत. आमच्याकडच्या पुण्याच्या एनसीसीएस (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) ह्या संस्थेच्या पेशीसंग्रहातून आल्या. फ्लास्क मीडियमनं, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवानं, गळ्यापर्यंत भरून देतात, म्हणजे वाटेत हिंदकळून पेशी सुटत नाहीत. तो थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन मी स्वारगेटहून एसटीनं आले. शेजारच्या आजींनी विचारलं, “आइस्क्रीम हाय का गं?” मी म्हटलं, “नाही आजी, यकृत आहे.” कराड येईपर्यंत त्या खिडकीला चिकटून बसल्या होत्या.

तर किट. छोट्या खोक्यात दोन नळ्या आणि एक घडीचा कागद, एवढंच. एका नळीत कॅल्सीन-एएम, दुसरीत इथिडियम होमोडायमर. पहिला रंग जिवंत पेशींना हिरवं करतो, दुसरा मेलेल्यांच्या केंद्रकाला लाल. एखादं रसायन पेशींवर टाकायचं, चोवीस तास थांबायचं, मग हे दोन रंग एकत्र घालून अर्धा-पाऊण तास अंधारात ठेवायचं आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. हिरव्या किती, लाल किती. ही जोडी बाजारात आणली अमेरिकेतल्या ऑरेगनच्या मॉलेक्युलर प्रोब्सनं. आता तशीच जोडी पुष्कळ कंपन्या आपापल्या नावानं विकतात. माझं त्यातलंच एक. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे.

तक्रार पहिली आणि सगळ्यात राग आणणारी. खोक्यावर ठळक लिहिलंय, उणे वीस अंशाला ठेवा, ओल लागू देऊ नका. डीलरनं ते शुक्रवारी संध्याकाळी कुरियरला दिलं. पुढे दुसरा शनिवार, मग रविवार. सोमवारी दुपारी शिपाई मामांनी डबा आणून दिला तेव्हा आतल्या जेल पॅकला हात लावला तर कोमट! मामा म्हणाले, “मॅडम, ह्यात तर इडलीचं पीठ फुगलं असतं.” डीलरला मेल केला. उत्तर आलं, “डिअर सर, प्रॉडक्ट इज स्टेबल.” मी सर नाही हेही त्याला तीन मेल लिहून कळलं नाही.

स्टेबल आहे की नाही ते बघायला काही लागत नाही. पेशी नसलेल्या पीबीएसमध्ये (पेशी धुवायच्या खारट बफरमध्ये) थोडं कॅल्सीन-एएम टाका आणि निळ्या उजेडात धरा. चांगलं असेल तर अंधार. आमच्या वेलमध्ये (प्लेटमधल्या एका बारीक वाटीत) हिरवट धुकं दिसलं, पावसाळ्यात आंबा घाटात गाडीच्या काचेवर धरतं तसं. म्हणजे रंग पेशीत जायच्या आधीच नळीत फुटला होता. फोटो पाठवले, दीड महिन्यानं बदलून मिळालं. बदलून दिलं हे खरं, म्हणून अर्धाच तारा कापला.

हे ‘फुटणं’ काय ते सांगायला हवं, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथूनच सुरू होतो.

कॅल्सीन नुसतं घेतलं तर ते पेशीत शिरूच शकत नाही. त्याच्या अंगावर विद्युतभार असतो आणि पेशीचं तेलकट आवरण भारवाल्यांना आत घेत नाही. म्हणून त्या भारांवर रासायनिक टोप्या चढवायच्या. टोप्या घातलेलं कॅल्सीन चमकतही नाही आणि आवरणातून बिनधास्त आत जातं. आत एस्टरेज नावाची विकरं असतात, ती टोप्या उडवतात. टोप्या गेल्या की रंग उजळतो आणि बाहेर जायची वाट बंद होते. सुरईत हात घालून फुटाण्यांची मूठ आवळून बसलेल्या माकडाची गोष्ट आहे ना, तसंच. ही एएमच्या टोप्यांची युक्ती रॉजर त्सियेन यांची, १९८१ मधली. पुढे २००८ साली त्यांना नोबेल मिळालं, पण ते जेलीफिशच्या हिरव्या प्रथिनासाठी. मला विचाराल तर टोप्यांसाठीही द्यायला हरकत नव्हती.

दुसरा रंग सरळ आहे. इथिडियम होमोडायमर धड आवरणातून आत जात नाही. आवरण फाटलं की आत घुसतो, डीएनएला चिकटतो आणि चिकटल्यावर सुमारे चाळीस पट उजळतो. म्हणून धुतलं नाही तरी मागची पार्श्वभूमी काळीच राहते.

म्हणजे नीट बघितलं तर किट ‘जिवंत की मेलेली’ हे सांगतच नाही. हिरवा सांगतो की विकरं चालू आहेत आणि आवरण गळत नाही. लाल सांगतो की आवरण फाटलं आहे. जिवंत आणि मेलेलं हे आपण त्यावरून ठरवतो. पहिल्या दिवशी हे कोणाच्या डोक्यात नसतं, माझ्याही नव्हतं. नव्या किटनं पहिली प्लेट रंगवली आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला तेव्हा खोलीत पाच जण होते आणि पाचही जण गप्प झाले. काळ्याभोर पटावर हिरव्या पेशींचे झुपके. हेपजी-टू एकमेकींना बिलगून वाढतात, पंगतीत माणसं बसतात तशा, मोजायला वैतागवाण्या पण दिसायला सुरेख. शेजारच्या वेलमधल्या पेशी सत्तर टक्के मिथेनॉलमध्ये अर्धा तास ठेवून मारल्या होत्या, तिथं नुसते लाल ठिपके. बारामाही फळ्यावर खडू घासणाऱ्या माणसाला असं काही दिसलं की वाटतं, किंमत वसूल झाली.

आता हळद.

माझी एक एमएस्सीची विद्यार्थिनी हरिपूरची. घरी पिढ्यान्‌पिढ्या हळदीचा व्यापार, आजोबांच्या काळी जमिनीत पेवं होती, त्यात वर्ष-वर्ष हळद ठेवायचे. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तेव्हापासून तिला काही तरी हळदीवरच करायचं होतं. मी म्हटलं, सगळे हळदीचे गुण गातात, तू जरा तिचं विष बघ. जास्त मात्रेला पेशींचं काय होतं ते. तिनं राजापुरी हळदीचा अल्कोहोलमधला अर्क काढला, पाच मात्रा केल्या, प्लेट लावली. दुसऱ्या दिवशी रीडरचा कागद घेऊन धावत आली. “मॅडम, हळद पेशींना पोसते!” सगळ्यात मोठ्या मात्रेला शंभरच्या वर आकडा. हळद न मिळालेल्या पेशींपेक्षा हळद प्यायलेल्या जास्त जिवंत.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही, कारण सकाळीच मी ती प्लेट साध्या उजेडात पाहिली होती. त्या वेलमधल्या निम्म्या पेशी सुटून तरंगत होत्या, उरलेल्या आखडून गोल झालेल्या. पोसलेल्या पेशी अशा दिसत नाहीत.

प्लेट पुन्हा मायक्रोस्कोपखाली घेतली. हिरव्या फिल्टरमध्ये पेशी लखलखीत. लाल फिल्टरमध्ये त्याच पेशींची केंद्रकं लाल. त्याच पेशी! अंग हिरवं आणि केंद्रक लाल. नुकतीच मरायला टेकलेली एखादी पेशी क्वचित अशी सापडते, पण सगळ्याच? आवरण फाटलं असेल तर हिरवा रंग आत राहिलाच कसा?

तिला विचारलं, “रंग न टाकलेली वेल कुठाय?” ती माझ्याकडे बघायला लागली. नव्हतीच ठेवली. चूक तिची नाही, प्लेट लावताना मी शेजारी उभी होते.

दुसऱ्या दिवशी पेशींवर फक्त हळदीचा अर्क टाकला, किटमधलं काहीच नाही. तरी हिरव्या! हळदीतलं पिवळं द्रव्य, करक्युमिन, स्वतःच चमकतं. निळसर उजेड शोषतं आणि हिरवा देतं, नेमकं कॅल्सीन जिथं चमकतं त्याच पट्ट्यात. वर ते तेलकट स्वभावाचं, पेशीच्या आवरणात जाऊन बसतं आणि धुतलं तरी निघत नाही. हळदीच्या बोटांनी पांढऱ्या साडीला हात लावून बघा. पेशी मेल्या होत्या, त्यांच्या अंगाला हळद लागली होती इतकंच. लग्नातली नव्हे, मर्तिकाची. ह्या उपमेवर ती पोरगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

करक्युमिनची ही खोड जुनी आणि जगजाहीर आहे. औषधं शोधणारे रसायनशास्त्रज्ञ त्याला ‘पेन्स’ म्हणतात. असे पदार्थ जवळजवळ प्रत्येक चाचणीत लुडबुड करतात आणि खोटे निकाल देतात. शिवाय ते टिकत नाही. सीरम (मीडियममध्ये घालतात तो रक्तातला द्रव) नसलेल्या मीडियममध्ये, ३७ अंशाला, बहुतेक सगळं अर्ध्या तासात मोडतं. म्हणजे चोवीस तास पेशींनी नेमकं काय प्यायलं हाही प्रश्नच. पण किटच्या घडीच्या कागदात ह्यातलं काही नाही. “टेस्ट कंपाउंड्स मे इंटरफिअर” एवढी एक ओळ, तीही मुंगीएवढ्या अक्षरांत. ज्या देशात निम्मे विद्यार्थी हळद, कडुनिंब नि तुळस घेऊन प्रयोगाला बसतात तिथं ही ओळ खोक्याच्या झाकणावर छापायला हवी. उरलेला अर्धा तारा इथं गेला.

मोरचुदाचं, म्हणजे कॉपर सल्फेट ह्या तांब्याच्या क्षाराचं, प्रकरण ह्याच्या बरोबर उलट.

सासरी तासगावकडे द्राक्षं आहेत. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की दावण्या हा रोग येतो आणि मग बोर्डो मिश्रणाच्या फवारण्या सुरू होतात. शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद, एक किलो चुना. मामंजींचे हात त्या दिवसांत निळे. दुसऱ्या एका विद्यार्थ्याला शिकण्यापुरतं सोपं, पाण्यात विरघळणारं, स्वतः न चमकणारं रसायन हवं होतं. मी म्हटलं, मोरचूद घे, घरचंच आहे. (‘वेल’ ह्या शब्दानं तेव्हा आमच्याकडे इतका गोंधळ घातला की शेवटी प्लेटमधल्या वेलला आम्ही ‘खळगा’ म्हणायला लागलो. इथूनपुढे खळगाच.)

ह्या वेळी शहाणे झालो होतो. रंग न टाकलेले खळगे ठेवले होते, ते काळे आले. म्हणजे मोरचूद स्वतः चमकत नाही, छान. मग किट टाकलं. मधल्याच मात्रेला हिरवा निम्म्यावर. आलेख असा देखणा उतरला की पुस्तकात छापावा. पोरगा खूश, पन्नास टक्के पेशी मारणारी मात्रा काढून मोकळा झाला.

पण लाल वाढला नव्हता. मी त्याला म्हटलं, हिरवा गेला आणि लाल आला नाही, मग पेशी गेल्या कुठे? त्याचं उत्तर पटण्यासारखं होतं, “सुटून धुण्यात वाहून गेल्या असतील.” असं होतं खरं, आणि म्हणून मोजणी नेहमी तिसऱ्या रंगानं करावी. होएक्स्ट नावाचा निळा रंग सगळ्यांच्याच केंद्रकात जातो, जिवंत असो की मेलेली. तो टाकला. मधल्या मात्रेला केंद्रकं जवळपास तेवढीच होती. साध्या उजेडात पेशी पसरलेल्या, काठ धड. पेशी जागेवर होत्या, फक्त त्यांचा दिवा मंद झाला होता.

कॅल्सीन हे मुळात धातू ओळखणारं रसायन आहे. तांबं, कोबाल्ट, निकेल किंवा लोह त्याला येऊन बिलगलं की त्याची चमक विझते. धातू मोजायला रसायनशास्त्रवाले ह्याचाच उपयोग करतात. आम्ही जिवंत पेशींचे काही खळगे ट्रायटन ह्या साबणासारख्या रसायनानं फोडले, आतलं चमकणारं पाणी एका नळीत जमवलं आणि खोलीतले दिवे घालवले. निळ्या टॉर्चसमोर नळी हिरवी पेटलेली. पोरानं मोरचुदाच्या पाण्याचा एक थेंब टाकला, हलवलं, हिरवा मावळला. मग पेशी सोडवायला रोज वापरतो त्या ईडीटीएचे दोन थेंब. ईडीटीए तांब्याला जास्त घट्ट धरतं, ते कॅल्सीनच्या हातून काढून घेतं. नळी परत पेटली. मामा दारात उभे राहून बघत होते. म्हणाले, “परत करून दाखवा.” तीनदा करून दाखवलं.

सगळा दोष त्या विझण्याचाच होता असं म्हणणार नाही. मोठ्या मात्रेला मोरचूद पेशी मारतं, तिथं लाल नीट वाढला होता, केंद्रकं कमी झाली होती. पण मधल्या दोन मात्रांचं मरण खोटं होतं, आणि पोराचा तो पन्नास टक्क्यांचा आकडा नेमका त्या दोन मात्रांवर उभा होता. कागद फाडला.

मग किट सोडून द्यायचं का? नाही. पण एकट्या हिरव्याच्या भरवशावर राहायचं नाही. हे काही मी शोधून काढलेलं नाही. ओईसीडी ह्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२१ मध्ये माशांऐवजी माशाच्या पेशींवर रसायनं तपासायची पद्धत मंजूर केली, मार्गदर्शिका २४९. ट्राउटच्या कल्ल्यांच्या पेशी, चोवीस तास रसायनात. त्यातही एकावर न भागवता तीन रंग वापरायला सांगितलेत. अलामार ब्लू पेशीचा चयापचय बघतो, सीएफडीए-एएम (आपल्या कॅल्सीनचाच टोपीवाला चुलतभाऊ) आवरण बघतो, न्यूट्रल रेड लायसोसोम (पेशीतल्या पचनाच्या पिशव्या) बघतो. तिघांनी वेगळं सांगितलं तर त्यातूनही काही कळतं, कुठे घाव बसला ते. त्या पेशींना १९ अंश लागतात, म्हणून आमच्याकडे विषयच बंद. एप्रिलमध्ये आमच्या खोलीत माणसं १९ अंशाला राहत नाहीत तर ट्राउट कुठून.

तर ह्या दुसऱ्या दोन रंगांविषयीही लिहिते, कारण किटच्या पैशात ते वर्षभर पुरतात.

अलामार ब्लू ह्या नावानं जे विकतात ते रिझाझुरिन. तयार बाटली महाग, पूड स्वस्त. आम्ही पूड आणतो, पीबीएसमध्ये विरघळवून गाळून अंधारात ठेवतो. निळा, जवळजवळ न चमकणारा रंग. चालत्या पेशी त्याचा गुलाबी, झगझगीत रिसोरुफिन करतात. माझे थोरले मामा दूध संघात केमिस्ट होते. एकदा प्रयोगशाळेत आले, निळी बाटली पाहिली आणि म्हणाले, “हे तर आमचं डेअरीतलं! दूध नासलंय का बघायला दहा मिनिटांत गुलाबी होतंय का ते बघायचो.” खरंच तेच. दुधात ते काम जंतू करतात, इथं पेशी करतात. मामांनी मग निळ्यावरून गुलाबीकडे जाताना मधल्या जांभळ्या छटा कशा ओळखायच्या ह्यावर माझ्या विद्यार्थ्यांची अर्धा तास शिकवणी घेतली. माझ्या तासाला कोणी इतकं लक्ष देत नाही.

रिझाझुरिनचा गुण असा की पेशी मरत नाहीत, वाचन झाल्यावर त्याच पेशींवर दुसरा रंग टाकता येतो. अवगुण असा की आवळ्यासारखा भरपूर सी जीवनसत्त्व असलेला अर्क तपासलात तर तो पेशींशिवायच निळ्याचा गुलाबी करून ठेवतो. म्हणजे ह्याच्याही थापा आहेत, फक्त वेगळ्या. म्हणूनच दोघांना एकत्र बसवायचं.

न्यूट्रल रेडवर माझा जीव आहे, का ते नीट सांगता येणार नाही. स्वस्त, जुना, गबाळा. १९८५ पासून पेशींच्या विषबाधा चाचणीत आहे. जिवंत पेशीच्या लायसोसोममध्ये जाऊन साठतो. तीन तास ठेवायचं, धुवायचं, मग निम्मं अल्कोहोल, निम्मं पाणी आणि एक टक्का ॲसेटिक ॲसिड ह्या मिश्रणात रंग बाहेर काढायचा. साध्या रीडरवरही वाचता येतो, आणि फ्लुरोसन्सवर वाचलात तर तो तांबड्या टोकाला चमकतो, म्हणजे हळदीच्या हिरव्यापासून बराच लांब. हरिपूरच्या पोरीचे आकडे शेवटी त्यानंच सरळ केले. एकच काळजी, त्याच्या सुया बनतात. आदल्या रात्री मीडियममध्ये मिसळून ३७ अंशाला ठेवा आणि सकाळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचंच घ्या. नाही तर मायक्रोस्कोपखाली पेशींऐवजी निवडुंग दिसतो.

किट घेणार असाल तर वापरताना चार गोष्टी सांगते, घडीच्या कागदात नसलेल्या किंवा असून न दिसणाऱ्या.

नळ्यांतले रंग डीएमएसओ ह्या सॉल्व्हंटमध्ये असतात आणि डीएमएसओ साडेअठरा अंशाच्या खाली गोठतं. आमच्याकडे एसी अठरावर लावून एकानं अर्धा तास ‘नळी वितळत नाही, खराब आलीय’ म्हणून बोंब मारली. मुठीत धरा, वितळते. पण उघडण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, थंड नळी उघडली की हवेतली ओल आत आणि मग तेच घाटातलं धुकं.

रंग टाकण्याआधी पेशी पीबीएसनं धुवा. सीरममध्येही एस्टरेज असतात, ती बाहेरच्या बाहेर टोप्या उडवतात. मीडियममधला फिनॉल रेड हा रंगही मागचा उजेड वाढवतो. कंटाळा करू नका, पण पिपेटनं जोरातही मारू नका, अर्धमेल्या पेशी सुटून जातात आणि नेमक्या त्याच मोजायच्या असतात.

शहाण्णव खळग्यांच्या प्लेटच्या कडेचे छत्तीस खळगे सोडा, त्यातलं पाणी आधी आटतं. उरले साठ. आमची मांडणी आता ठरून गेली आहे. पाच मात्रा तीन-तीनदा म्हणजे पंधरा खळगे पूर्ण प्रयोगाचे. तेवढेच पंधरा पेशी आणि रसायन, पण रंग नाही. आणखी पंधरा रसायन आणि रंग, पण पेशी नाहीत. शेवटचे पंधरा जिवंत, मारलेल्या आणि नुसत्या सॉल्व्हंटच्या पेशींना. पंधरा चोक साठ. पोरं कुरकुरतात की पाऊण प्लेट ‘वाया’ जाते. मी हळदीचा तो कागद भिंतीला चिकटवून ठेवलाय, बोट तिकडे दाखवते. तांब्यासारखं विझवणारं काही असेल तर ह्या साठांतही ते सापडत नाही, तिथं होएक्स्ट आणि साधा उजेडच कामाला येतात.

आणि हातमोजे. डीएनएला चिकटणारा रंग तुमच्या-माझ्या डीएनएलाही चिकटेल. सिंकमध्ये ओतू नका.

कोणी विचारेल की दोन्ही नळ्या सुट्या आणून चालेल का. चालतं. लालसाठी इथिडियम होमोडायमरऐवजी प्रोपिडियम आयोडाइड घ्या, कितीतरी स्वस्त आहे आणि मेलेल्या पेशीतच शिरतं. होमोडायमर डीएनएला जास्त घट्ट धरतो हे खरं, पण अर्ध्या तासात फोटो काढणार असाल तर फरक जाणवत नाही. कॅल्सीन-एएम मात्र मोठ्या नळीत घेऊ नका. अगदी छोट्या नळ्यांत विभागलेलं मिळतं ते घ्या. एकदा उघडली की ती नळी त्याच आठवड्यात संपवायची, असा आमचा नियम. आणि कर्करोगाच्या औषधांवर काम करत असाल तर जरा थांबा. डॉक्सोरुबिसिन स्वतःच लाल चमकतं, तिथं दुसऱ्याच रंगाची थाप ऐकावी लागेल.

ज्यांच्याकडे फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपच नाही त्यांनी हे किट घेऊ नये. फक्त रीडरवर वाचणार असाल तर पैसे रिझाझुरिन आणि न्यूट्रल रेडमध्ये घाला. ह्या किटची खरी किंमत एकेक पेशी डोळ्यानं बघण्यात आहे. अंग हिरवं आणि केंद्रक लाल असलेली ती हळदीची पेशी रीडरला कधीच दिसली नसती. त्यानं सगळा हिरवा एकत्र मोजला आणि शंभरच्या वरचा आकडा छापून दिला.

गेल्या आठवड्यात पुन्हा मागवलं, त्याच डीलरकडून, कारण आमच्या भागात दुसरा नाही. ऑर्डरखाली ठळक लिहिलं, “कृपया सोमवारी पाठवा, शुक्रवारी किंवा शनिवारी नको. आणि मी मॅडम आहे.”

उत्तर आलं, “नोटेड, सर.”